ताई रोज कम्प्युटर बंद करत होत्या, मग रिपोर्टमध्ये १९ दिवस कसे आले?

उमरेडहून बोलतोय. ज्यांना ऐकायला वेळ नाही, बसमध्ये आवाज ऐकू येत नाही किंवा हेडफोन घरी राहिला, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलण्यातलं ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडं कमी केलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवातीला एक काम करा. अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंग्जमध्ये जा, ‘अबाउट फोन’ उघडा, त्यात ‘स्टेटस’ शोधा. बहुतेक फोनमध्ये तिथे ‘अप टाइम’ नावाची एक ओळ दिसते. माझ्या फोनवर आत्ता ६२३ तास दिसताहेत, म्हणजे जवळपास २६ दिवस. आता मला सांगा, मी २६ दिवस सलग फोन वापरला का? नाही ना. झोपलो, जेवलो, फोन चार्जिंगला लावून विसरलो. तरी आकडा पुढे सरकतच राहिला.

आजचा सगळा भाग या एका आकड्यावर आहे. कारण याच आकड्यामुळे मी एका बाईंवर जवळजवळ अन्याय करून बसलो होतो. तो किस्सा आधी, मग त्यामागचं तंत्र.

रिपोर्ट मीच बनवला होता

मी ज्या ऑफिसचे कम्प्युटर सांभाळतो, त्याचं नाव घेत नाही. ४२ मशीन आहेत, तीन खोल्यांत, दोन मजल्यांवर. नेटवर्क, प्रिंटर, अँटिव्हायरस, ‘भाऊ, माऊस चालून नाही राहिला’, सगळं माझ्याकडे.

उन्हाळ्यात वरून आदेश आला की संध्याकाळी जाताना प्रत्येकाने कम्प्युटर बंद करायचा. विजेचं बिल वाढलं होतं आणि उन्हाळ्यात बंद खोलीत मशीन रात्रभर चालू ठेवणं तसंही बरं नाही. उमरेडचा उन्हाळा ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे कोळशाची खाण आहे, पण गावात कोळसा आहे म्हणून लाईट जात नाही असं थोडीच आहे. आदेश चुकीचा नव्हता.

साहेब म्हणाले, “कोण बंद करत नाही त्याची यादी दे.”

मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती नेटवर्कवरच्या प्रत्येक विंडोज मशीनला एकच प्रश्न विचारायची: तू शेवटचा कधी बूट झालास? मशीन तारीख-वेळ सांगायची, स्क्रिप्ट त्यावरून दिवस मोजून एक्सेलमध्ये टाकायची. तीन दिवसांपेक्षा जास्त असेल तर लाल रंग. एका तासात ४२ ओळींचा सुंदर तक्ता तयार झाला. मला स्वतःचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

सगळ्यात वरच्या ओळीत १९ दिवस होते. मशीन डेटा एन्ट्रीच्या एका ताईंचं. ताई कंत्राटी आहेत, त्यांचं कंत्राट जूनमध्ये रिन्यू व्हायचं होतं. त्यांना आणि आणखी सहा जणांना लेखी खुलासा मागितला गेला.

ताई कागद घेऊन माझ्याकडे आल्या. चिडल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, “भाऊ, मी तर रोज बंद करूनच जाते ना. स्क्रीन काळी झाली की मगच पर्स उचलते. हे एकोणीस दिवस कुठून आणले तुम्ही?”

मी म्हणालो, “ताई, कम्प्युटर खोटं नाही बोलत.”

हे वाक्य मी आजही परत घ्यायला तयार आहे. कम्प्युटर खरंच खोटं बोलला नव्हता. मीच त्याला एक प्रश्न विचारला आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं समजून बसलो.

‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद नाही

आता तंत्र समजून घेऊ. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, तेव्हा त्यात ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. विंडोज १० आणि ११ मध्येही ती आहे आणि बऱ्याच मशीनवर आधीपासूनच चालू असते.

तुम्ही ‘शट डाउन’ दाबता तेव्हा काय होतं? तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, तुम्ही लॉग-आउट होता. पण विंडोजचा जो गाभा आहे, ज्याला कर्नल म्हणतात, तो आणि त्याच्यासोबतचे ड्रायव्हर पूर्ण बंद होत नाहीत. त्यांची त्या क्षणाची स्थिती हार्डडिस्कवरच्या एका फाइलमध्ये साठवली जाते आणि मग वीज तोडली जाते. सकाळी बटण दाबलं की गाभा नव्याने सुरू होत नाही, साठवलेली स्थिती उचलून पुढे चालतो. म्हणून मशीन पटकन सुरू होते.

दुकानाचं उदाहरण घ्या. दुकानदार संध्याकाळी शटर पाडतो. दिवे बंद, पंखा बंद, गिऱ्हाईक घरी. पण माल फळ्यांवर जसाच्या तसा असतो. सकाळी शटर वर केलं की पाच मिनिटांत धंदा सुरू. हे झालं फास्ट स्टार्टअपवालं शट डाउन. आणि ‘रिस्टार्ट’ म्हणजे दिवाळीच्या आधीची साफसफाई. सगळा माल खाली, फळ्या पुसायच्या, परत पहिल्यापासून लावायचा. रिस्टार्टमध्ये कर्नल खरोखर नव्याने सुरू होतो.

माझ्या स्क्रिप्टने मशीनला विचारलं होतं, शेवटची दिवाळीची साफसफाई कधी झाली? मशीन म्हणाली, १९ दिवसांपूर्वी. आणि मी साहेबांना सांगितलं, या दुकानाचं शटर १९ दिवस पडलंच नाही!

हे तुम्ही घरच्या लॅपटॉपवरही पाहू शकता. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘सीपीयू’वर क्लिक करा, खाली ‘अप टाइम’ दिसेल. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर आज शट डाउन करून उद्या सुरू केल्यावरही तो आकडा शून्यापासून सुरू होणार नाही. रिस्टार्ट केलं तर मात्र होईल.

मग शहाणा कोण ठरला?

खरी गंमत, किंवा खरं तर लाज, पुढे आहे. माझ्या तक्त्यात एक मशीन कायम हिरवी असायची. शून्य दिवस, कधी एक दिवस. साहेबांनी त्या मुलाचं कौतुकही केलं होतं.

मी विंडोजचं ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून बसलो. हे विंडोजचं रोजनामचं समजा. मशीनमध्ये काय झालं याची नोंद तिथे क्रमांकासह होते. काही क्रमांक लक्षात ठेवण्यासारखे आहेत. १०७४ म्हणजे कुणीतरी किंवा एखाद्या प्रोग्रॅमने रीतसर शट डाउन किंवा रिस्टार्ट केलं. ही नोंद कुणाच्या लॉगिनवरून झाली तेही त्यात असतं. ६००८ म्हणजे मागच्या वेळी मशीन अचानक बंद पडली होती. ४१ म्हणजे नीट बंद न होताच मशीन परत सुरू झाली. आणि कर्नल-बूट या नावाखालची २७ क्रमांकाची नोंद सांगते की सुरुवात कोणत्या प्रकारची होती, पूर्ण की फास्ट स्टार्टअपवाली.

त्या हिरव्या मशीनमध्ये ४१ आणि ६००८ च्या नोंदींची रांग लागली होती. तो मुलगा संध्याकाळी थेट भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करून निघून जायचा. वीजच गेली म्हटल्यावर साठवायला गाभाच राहिला नाही, त्यामुळे रोज सकाळी पूर्ण बूट, आणि माझ्या रिपोर्टमध्ये तो सगळ्यात शिस्तीचा! हार्डडिस्कचं आणि उघड्या फाइलींचं काय होत असेल ते वेगळंच. त्याचाही दोष नाही म्हणा. ‘बंद करून जा’ एवढंच त्याला सांगितलं होतं, कसं ते कुणी सांगितलंच नव्हतं.

ताईंच्या मशीनमध्ये काय होतं? कामाच्या प्रत्येक दिवशी संध्याकाळी ५:४० ते ५:५५ च्या दरम्यान १०७४ ची एक नोंद. त्यांच्या लॉगिनवरून. सकाळी २७ क्रमांकाची नोंद, फास्ट स्टार्टअप. एक दिवसही खाडा नाही.

मी त्या नोंदींची प्रिंट काढली आणि साहेबांकडे गेलो. सांगितलं की चूक माझी आहे, रिपोर्ट चुकीच्या आकड्यावर उभा आहे. साहेब थोडा वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे जिला नोटीस दिली ती बरोबर, आणि ज्याला शाबासकी दिली तो चूक?” मी होय म्हणालो. खुलासे मागे घेतले गेले. उरलेल्या सहांपैकी चार जणांचं प्रकरण ताईंसारखंच निघालं. दोन जण खरंच मशीन चालू ठेवून जात होते, आणि त्याला कारण होतं: रात्री बॅकअप चालायचा, जो मीच लावला होता.

‘चालू’ हा शब्दच घोटाळ्याचा

या सगळ्यातून मला कळलं की ‘कम्प्युटर चालू होता का?’ हा एक प्रश्न नाही. त्यात चार वेगवेगळे प्रश्न लपलेत. मशीनला वीज होती का? मशीन नेटवर्कवर सापडत होती का? ऑपरेटिंग सिस्टिम किती दिवसांत नव्याने सुरू झालेली नाही? आणि ज्या कामासाठी मशीन ठेवली ते काम होत होतं का?

अपटाइम फक्त तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. आपण मात्र त्याच्या तोंडी चारही उत्तरं घालतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी लोक ‘पिंग’ वापरतात. एक मशीन दर पाच मिनिटांनी बाकीच्यांना हाक मारते, ‘आहेस का?’ उत्तर आलं तर चालू, नाही आलं तर बंद. झॅबिक्स, नागिऑस, अपटाइम कुमा यांसारखी फुकट मिळणारी सॉफ्टवेअर हे काम करतात. पण इथेही खड्डे आहेत. विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तरच देऊ देत नसेल तर मशीन जिवंत असून मेलेली दिसते. वरच्या मजल्याचा स्विच बंद पडला तर त्याच्यावरची दहाही मशीन बंद दिसतात, जरी लोक तिथे बसून टाईप करत असले तरी. आणि आयपी पत्ते आपोआप वाटले जात असतील, तर आज ज्या पत्त्यावर ताईंची मशीन आहे तिथे उद्या दुसऱ्याच कुणाची असू शकते. हाक एकाला, ओ दुसऱ्याची.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो नुसत्या मशीनकडे बघून सुटत नाही. मुंबईचंच उदाहरण घ्या. २४ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईमध्ये, सकाळी ११:४० ला व्यवहार थांबवावे लागले. दोन टेलिकॉम कंपन्यांकडून घेतलेल्या जोडण्यांमध्ये बिघाड झाला आणि त्यामुळे जोखीम सांभाळणारी यंत्रणा उपलब्ध राहिली नाही, असं एनएसईने सांगितलं. बाजार दुपारी ३:४५ ला पुन्हा उघडला आणि त्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत चालवला. त्या चार तासांत एखाद्या सर्व्हरचा अपटाइम बघितला असता तर तो निवांत वाढत असता. पण ज्याला शेअर विकायचा होता त्याच्यासाठी बाजार बंदच होता.

उमरेडच्या बस स्टँडवर इंजिन घुरघुरत उभी असलेली एसटी आठवा. गाडी चालू आहे, हे खरंच. पण तुम्ही नागपूरला पोहोचलात का?

जास्त अपटाइम म्हणजे चांगलं, असंही नाही

आपल्यापैकी काही जण, मीही त्यातलाच, ‘आमचा सर्व्हर दोनशे दिवस बंद पडला नाही’ असं अभिमानाने सांगतात. त्याचीही एक बाजू आहे.

विंडोजच्या कित्येक सुरक्षा अपडेट रिस्टार्टशिवाय पूर्ण लागू होत नाहीत. डाउनलोड झालं, पण साफसफाई झालीच नाही, तर जुनी खिडकी उघडीच राहते. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला, आणि मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही त्याने अडवलं. तो ज्या रस्त्यांनी पसरत होता त्यातल्या एका रस्त्यावरचं कुलूप मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलं होतं. चोरलेल्या पासवर्डवरूनही तो पसरायचा, म्हणून नुसतं अपडेट पुरलं असतं असं नाही. पण कुलूप आणून कपाटात ठेवायचं, याला काही अर्थ नाही.

आणि आकडा मोजणाऱ्या यंत्राची स्वतःचीही मर्यादा असते. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये वेळ मिलिसेकंदात मोजणारा एक ३२ बिटचा काउंटर होता. तो ४९.७ दिवसांत भरून जायचा आणि मशीन गोठू शकायची. नेटवर्क स्विच आपला अपटाइम सेकंदाच्या शंभराव्या भागात सांगतात, तोही ३२ बिटचा, त्यामुळे ४९७ दिवसांनी आकडा परत शून्यावर येतो. रिपोर्टमध्ये वाटतं स्विच काल रिस्टार्ट झाला, प्रत्यक्षात तो दीड वर्ष अखंड चालू असतो. २०१५ मध्ये तर अमेरिकेच्या विमान नियामकाने बोइंग ७८७ साठी आदेश काढला होता. २४८ दिवस सलग वीज चालू राहिली तर जनरेटर नियंत्रित करणारे भाग बंद पडण्याचा धोका होता. उपाय काय? ठरावीक काळाने बंद करून परत चालू करा.

टक्केवारीचा खेळ

एक हिशेब सांगतो, तो तुमच्या ऑफिसात कामी येईल. महिन्याचे ३० दिवस धरले तर ७२० तास होतात. ऑफिस २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. जी व्यक्ती वेळेवर मशीन चालू करते आणि वेळेवर बंद करते, तिचा अपटाइम २४ तासांच्या हिशेबाने येतो २८.९ टक्के. जी मशीन रात्रंदिवस उगाच चालू, तिचा १०० टक्के. ऑफिसच्या वेळेवर मोजलं तर दोघींचाही १०० टक्के. मशीन त्याच, भागाकार बदलला.

दुसरा खेळ सरासरीचा. ४० पैकी ३९ मशीन पूर्ण वेळ चालल्या आणि एक महिनाभर बंद राहिली, तर सरासरी येते ९७.५ टक्के. ऐकायला किती छान! पण ती एक मशीन पावत्या छापणारी असेल तर खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसासाठी ऑफिस महिनाभर बंदच होतं.

आता मी रिपोर्ट कसा बनवतो

पहिलं, वरच्या ओळीत लिहितो की आकडा काय मोजतो आणि काय मोजत नाही. साध्या मराठीत.

दुसरं, तीन रकाने वेगळे ठेवतो: शेवटचा पूर्ण बूट, ऑफिसच्या वेळेत नेटवर्कवर सापडली का, आणि अचानक बंद पडण्याच्या नोंदी किती. अचानक बंद पडण्याचं कारणही लिहितो. लाईट गेली, यूपीएसची बॅटरी गेली, की बटण बंद केलं.

तिसरं, नियोजित बंद आणि अनियोजित बंद वेगळं. मी शनिवारी अपडेटसाठी मशीन बंद केली तर ते कुणाच्या खात्यावर नाही.

चौथं, रिपोर्टमध्ये माणसांची नावं नसतात, मशीनचे नंबर असतात. एखादा आकडा विचित्र दिसला तर आधी मी जाऊन मशीन बघतो, मग माणसाला विचारतो, आणि कागद सगळ्यात शेवटी.

आणि सगळ्या मशीन आठवड्यातून एकदा रिस्टार्ट होतात. फास्ट स्टार्टअप मी आमच्याकडे बंदच केलंय. तुम्हाला करायचं असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’, तिथे ‘पॉवर बटणं काय करतील’ या जागी त्याची खूण काढता येते. एकाच वेळेपुरतं पूर्ण बंद करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’वर क्लिक करा.

ताईंचं कंत्राट जूनमध्ये रिन्यू झालं. त्या दिवशी मी त्यांना पुन्हा एकदा सॉरी म्हणालो. त्या म्हणाल्या, “जाऊ द्या भाऊ. पण मला एक सांगा, त्या वहीत माझी रोजची नोंद होती, तर मग तुम्ही पहिलेच ती वही काहून नाही पाहिली?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तक्ता तासाभरात झाला होता आणि दिसायला छान होता, एवढंच.

तुमच्या ऑफिसात, कॉलेजच्या लॅबमध्ये असं काही झालं असेल तर आवाजी मेसेज करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवीन. नाव सांगू नका, मशीनचा किस्सा सांगा. आणि हा भाग ऐकून झाला असेल तर एक काम करा: फोन एकदा रिस्टार्ट करा. मीही करतोय. ६२३ तास झाले, बस झालं.